महाराजांच्या मागे उभे असलेले पाच जण

खंडेनवमी, १९५६. जागा: मुलुंड स्टेशनजवळचा आमचा फोटो स्टुडिओ. हजर: अनंतभावोजी, म्हणजे माझे धाकटे दीर, फोटोग्राफर; सावंत, रिटचिंग करणारे, दुकानातले सर्वांत जुने; पाध्ये, वाचनालयाचे चिटणीस; आणि मी, काउंटर, ऑर्डरी आणि प्लेटांची कपाटं सांभाळणारी. गैरहजर: कोणी नाही. ज्यांनी हे दुकान उभं केलं ते माझे सासरे भिंतीवरच्या फोटोत होते. त्यांना मी हजरच धरते.

कॅमेऱ्याला झेंडूचा हार घालून झाला, स्टँडच्या तिन्ही पायांना हळदकुंकू लागलं, आणि पेढा तोंडात असतानाच पाध्यांनी विषय काढला. दिवाळीत वाचनालयात एक प्रदर्शन भरवायचं. 'आपलं गाव, आपली माणसं.' इथली जुनी ठिकाणं, जुनी घराणी, येऊन गेलेले मोठे पाहुणे. फोटो अर्थातच आमच्याकडचे.

"वहिनी, तुमच्याकडे सगळं लावून ठेवलेलं असतं. पंधरा दिवसांत होईल ना?"

"आठात होईल," मी म्हटलं. ते खरं होतं. नवरा गेल्यावर मी या दुकानात बसायला लागले तेव्हा पहिलं काम कपाटांचंच केलं होतं. मामंजींच्या काचेच्या प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून कुठेही पडलेल्या असत. मी प्रत्येकीला पाकीट शिवलं आणि तीन खण केले: माणसं, ठिकाणं, पाहुणे.

ज्यांनी स्टुडिओ फक्त बाहेरून पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. काचेच्या प्लेटेवर फोटो उलट्या रंगांत उमटतो. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. ती प्लेट कागदावर ठेवून उजेड दिला की कागदावर माणूस सुलटा होतो. या दोन्हींच्या मध्ये रिटचिंगवाला बसतो. बारीक टोकाची पेन्सिल घेऊन तो प्लेटेवरच्या सुरकुत्या, वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवतो. एखादा मोठा भाग नको असेल, मागची भिंत किंवा दोरीवरचे कपडे, तर त्यावर तांबडा रंग फासतो. तांबड्यातून उजेड जात नाही. कागदावर तिथे स्वच्छ पांढरं येतं, जणू तिथे कधी काही नव्हतंच.

सावंत या कामात पटाईत होते. मुलींच्या दाखवायच्या फोटोंना घाटकोपरपासून लोक त्यांच्याकडे येत. एकदा एक गृहस्थ तणतणत आले. "नवऱ्याकडचे विचारतात, फोटोतली मुलगी कुठे आहे?" सावंतांनी चष्म्यावरून बघितलं. "गालावरचे देवीचे वण मी फोटोत काढलंय, सायबानु. चेडवाच्या गालावरचे कसे काढू?"

हा 'काढणे' शब्द आमच्या धंद्यात फार फसवा आहे. फोटो काढायचा म्हणजे माणूस प्लेटेवर आणायचा. वण काढायचा म्हणजे प्लेटेवरून घालवायचा. एक कुटुंब लग्नातला ग्रुप घेऊन आलं आणि म्हणालं, "यातले आजोबा काढा." आजोबा नुकतेच गेले होते. त्यांना भिंतीवर लावायला आजोबांचा एकट्याचा मोठा फोटो हवा होता. भावोजींनी वेगळंच समजून बाकीचा ग्रुप शाबूत ठेवून आजोबांना घालवायची तयारी चालवली होती. तेव्हापासून मी काउंटरवर प्रत्येकाला विचारते, "काढायचं म्हणजे नक्की काय?" गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

प्रदर्शनासाठी मी तिन्ही खणांतून प्लेटा निवडल्या. ठिकाणं भरपूर निघाली. आता जिथे सोसायट्यांचे फलक लागले आहेत तिथली भातशेती, जुनी विहीर, तळ्यावरचा गणपती. पाहुण्यांतला मुख्य फोटो होता दवाखान्याच्या उद्घाटनाचा. तो तीसेक वर्षांपूर्वीचा. एका संस्थानचे महाराज आले होते. मधल्या खुर्चीत महाराज, एका बाजूला दवाखाना बांधून देणारे शेठजी, दुसऱ्या बाजूला डॉक्टर आणि कमिटी. मागे नुसतं पांढरं. महाराजांचा तुरा त्या पांढऱ्यावर असा उठून दिसे की पाध्ये म्हणाले, "झकास. हा दारासमोरच लावू."

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात होते. कारखान्याची पाळी संपवून आलेली एक बाई त्या फोटोसमोर उभी राहिली. तिशी उलटलेली, डबा अजून हातात. ती महाराजांकडे बघत नव्हती. त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्याकडे बघत होती.

"ह्यात मागे उभे असलेले कुठे गेले?" तिने विचारलं.

पाध्ये जवळच होते. "मागे कोणी नाहीये, बाई. बसलेले तेवढेच आहेत."

"माझे वडील आहेत. गवंडी होते. हा दवाखाना त्यांनी बांधला."

"बांधला असेल हो. पण फोटोत असायला उभं राहावं लागतं."

दोघं-तिघं हसले. बाई हसली नाही. "उभेच होते," ती म्हणाली.

मी तिला बाजूच्या बाकावर बसवलं. नाव चंद्राबाई, राहायला भांडुपला, माहेर कुडाळकडचं. ती दोन वर्षांची असताना वडील दुसऱ्या एका बांधकामाच्या परांचीवरून पडून गेले. आई तिला घेऊन गावी परतली. घरात वडिलांचा एकही फोटो नाही. पण आई सगळ्या गावाला सांगत आली होती, "हिच्या बापाशीचो फोटो मुलुंडाक आसा. म्हाराजांच्या मागे उभो आसा." गावात कोणी ते खरं मानलं नाही. चंद्राबाई लग्न होऊन भांडुपला आली तेव्हापासून मनात होतं, पण कोणाला विचारायचं ते कळत नव्हतं. वाचनालयाचा फलक बघून ती आत शिरली होती.

"आई आहे ना अजून?" मी विचारलं.

"आहे. पण अंथरुणाला आहे. तिला एकदा तोंड दाखवायचं होतं. मी पाहिलेलंच नाही, मला दाखवून काय उपयोग? ओळखणार तीच."

त्या संध्याकाळी मी पाकिटातून मूळ प्लेट काढून उजेडाकडे धरली. महाराजांच्या तुऱ्यापासून वरच्या कडेपर्यंत तांबडा रंग होता. इतकी वर्षं ती प्लेट माझ्या हाताखालून जात होती, आणि तो रंग मला प्लेटेचाच भाग वाटत असे. कडेला, जिथे ब्रश थोडा कमी पडला होता, तिथे एक कोपर दिसत होतं.

मी सावंतांना हाक मारली. त्यांनी प्लेट हातात घेतली आणि रंगाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तांबडा माझाच," ते म्हणाले. "नवीन लागललंय तेव्हा."

"खाली माणसं आहेत?"

"आसतली. मी तोंडा कधी बघलंय? मी फक्त कड बघतंय."

"रंग निघेल?"

"पाण्यान जाता. पण तीस वर्सांचो आसा. घाई केलास तर खालचो थर सुटात आणि माणूसच जायत."

भावोजी ऐकेनात. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. प्लेट त्यांच्या वडिलांची, दुकानाच्या मानाची. शेठजींच्या नातवंडांनी त्याच फोटोच्या प्रती मागितल्या होत्या, वाचनालयाच्या स्मरणिकेत तोच छापायचा होता. पाध्ये म्हणाले, "वहिनी, आत्ता नको ना. धुताना प्लेट गेली तर आमची वाट लागेल. आणि गेली नाही तरी महाराजांच्या मागे गवंडी कसे दिसतील ते बघा तरी."

"जसे होते तसे दिसतील," मी म्हटलं.

"तुळशीचं लग्न होऊ दे," भावोजी म्हणाले. "सगळ्या प्रती निघू देत. मग तुम्हाला काय करायचं ते करा."

मी दोनदा विषय काढला, दोनदा तेच उत्तर मिळालं. दुकान त्यांचं होतं. मी चंद्राबाईला निरोप पाठवला की काम होणार आहे, थोडं थांबावं लागेल. ती दर दोन-तीन दिवसांनी पाळी सुटल्यावर येऊन दारातूनच विचारी, "झालं, वहिनी?" आणि मी नाही म्हटलं की "बरं" म्हणून जाई. वादावादी तिने एकदाही केली नाही. केली असती तर भावोजी कदाचित लवकर नमले असते.

तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी सावंतांनी काम हातात घेतलं. चंद्राबाईला मी बोलावून घेतलं होतं. ती स्टुलावर बसली. सावंतांनी बशीत गार पाणी घेतलं, कापसाचा बोळा भिजवून पिळला आणि कडेच्या त्या कोपरापासून सुरुवात केली. बोळा लाल होई, टाकून देत, दुसरा घेत. फुंकर मारून वाळू देत. पुन्हा पहिल्यापासून. मध्ये चहा आला तो तसाच राहिला.

पहिल्यांदा एक खांदा आला, मग पागोटं. उलट्या प्लेटेवर माणसाचं तोंड काळं आणि डोळे पांढरे दिसतात. सवय नसलेल्याला भीती वाटते. चंद्राबाई मात्र वाकून बघत राहिली. दुपारी प्लेट स्वच्छ झाली. पाच जण होते. भावोजींनी कोणी न सांगता अंधारखोलीत जाऊन पहिली प्रत छापली आणि ओलीच बाहेर आणली.

इतकी स्पष्ट तोंडं मामंजींच्या दुसऱ्या कुठल्याही प्लेटेवर मी पाहिली नाहीत. बसलेली मंडळी हललेली होती. शेठजींच्या तर दोन माना दिसतात. हे पाच जण मात्र दगडासारखे उभे होते. कोणीतरी त्यांना हलू नका म्हटलं असेल आणि त्यांनी ते पाळलं.

चंद्राबाईने एकेका तोंडावर बोट ठेवलं, कागदाला न टेकवता. पुन्हा पहिल्यापासून ठेवलं. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "ह्यातले माझे कोणते?"

"तू फोटो आईला पाठव," मी म्हटलं. "भावोजी आजच दुसरी प्रत देतील. ती सांगेल."

"आई गेली ना, वहिनी. एकादशीच्या आधीच."

भावोजींनी विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही धुतली नसती. घाई कशाला म्हणाला असता."

त्यावर भावोजी पुन्हा अंधारखोलीत गेले.

तिच्यासाठी भावोजींनी चांगल्या कागदावर मोठी प्रत काढली आणि फ्रेम करून दिली. मी म्हटलं, "हार लागेल ना? हुक लावून देऊ?" ती म्हणाली, "हार नको. ह्यातला एखादा जिवंत असला तर?"

हे मला सुचलं नव्हतं. आणि सुचल्यावर पुढचं काम आपोआप समोर आलं. पाचांपैकी चौघांची नावं लागली की जो उरेल तो तिचा बाप. ओळखणारी एकच व्यक्ती होती, ती गेली. पण बाकीच्या चौघांनाही कोणीतरी असेलच.

काउंटरच्या काचेत नव्या नवरा-नवरींचे फोटो असत. ते मी बाजूला केले आणि पाच जणांची मोठी प्रत मध्ये लावली. खाली लिहिलं: 'दवाखान्याच्या बांधकामावरची माणसं. कोणी ओळखतं का?' भावोजी म्हणाले, "लग्नसराईत?" मी म्हटलं, "लग्नसराईतच. तेव्हाच लोक काचेशी थांबतात."

लोक थांबले, आणि आमच्यापुढे वेगळीच पंचाईत आली. एका गृहस्थांनी पाचांपैकी दोघांना आपले काका ठरवलं. एका म्हाताऱ्याने महाराजांनाच ओळखलं आणि ते आपल्या आत्याकडे जेवायला आले होते असं शपथेवर सांगितलं. मी प्रत्येकाचं ऐकून घेई आणि एकच प्रश्न विचारी: "त्यांचा आणखी एखादा फोटो आहे का, ताडून बघायला?" निम्मे तिथेच गळत.

तरी काम पुढे सरकलं. डावीकडून पहिला, पागोटंवाला, त्याच्या मुलामुळे लागला. मुलगा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. त्याने काही बोलायच्या आधी टोपी काढून आपला कान दाखवला. वरची पाळी चिमटून सोडल्यासारखी, फोटोतही तशीच. दुसऱ्याला जुन्या कंपाउंडरांनी ओळखलं. तो दवाखान्याचा पहिला शिपाई, त्याची मुलगी घाटकोपरला दिली होती. तिला पत्र टाकलं, ती आली, बघून रडली, प्रत घेऊन गेली.

चौथा स्वतःच आला. बोरीवलीच्या दगडखाणीवरून त्या काळी बैलगाडीने दगड आणणारा माणूस, आता नातवाचा हात धरून चालणारा. काचेसमोर उभा राहून तो नातवाला म्हणाला, "ह्यो मी." मी त्यांना आत घेतलं, चहा मागवला आणि चंद्राबाईला भांडुपला निरोप धाडला. ती येईपर्यंत त्यांना बसवून ठेवलं.

"बाबा, तुमच्या दोन्ही बाजूंचे कोण?" तिने आल्या आल्या विचारलं. फोटोत त्यांच्या एका बाजूला तिसरा होता, दुसऱ्या बाजूला पाचवा.

"नावं नाही माहीत, पोरी. मी दगड उतरवायला आलो होतो. बोलावलं, उभा राहिलो. पण शेजारचा एक गवंडी कोकणातला होता. त्याने मला लय हसवलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, महाराजांनी मागे वळून बघितलं तर खुर्ची आपल्याला देतील. फोटोवाला ओरडला, हलू नका. मी गाल चावून उभा राहिलो. बघ, इथे गाल आत गेलाय."

खरंच गेला होता. चंद्राबाई पहिल्यांदा हसली. "आईने हे कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "आई म्हणायची, फार गंभीर माणूस."

"तो कुठल्या बाजूला होता?" मी विचारलं.

म्हाताऱ्याने डोळे मिटले, आधी उजवा खांदा हलवला, मग डावा. "नाही सांगता येत. खोटं कशाला सांगू?" मग निघता निघता तो सहज म्हणाला, "शेठनी तेव्हाच सांगितलं होतं फोटोवाल्याला. मागच्यांचा पण काढा, ज्याला त्याला एक एक द्या. आम्ही पुष्कळ दिवस वाट बघितली. मग सोडून दिली."

सावंत कोपऱ्यात पेन्सिल तासत होते. ते थांबले.

"मालकान माका इतक्याच सांगितल्यान," ते म्हणाले. "मागचे काढ."

मामंजी कमी बोलणारे होते. शेठजींचा निरोप त्यांनी दोन शब्दांत आत पोचवला असणार, आणि आत बसलेल्या नव्या मुलाने तो आपल्या कामाच्या भाषेत ऐकला. 'काढ' म्हणजे मामंजींच्या लेखी आणायचं, सावंतांच्या लेखी घालवायचं. महाराजांचा फोटो पांढरा, स्वच्छ निघाला, सगळ्यांनी वाखाणला, आणि कोणाला काही चुकलं असं वाटलंच नाही. चंद्राबाईच्या आईने ते शेठजींचं बोलणं ऐकलं असेल. म्हणून ती तीस वर्षं एवढ्या खात्रीने सांगत होती.

सावंतांनी त्यानंतर पार्श्वभूमीचं काम घेणं बंद केलं. चेहरे करतात, तांबड्याला हात लावत नाहीत. मी आग्रह करत नाही. भावोजींनी मात्र एक केलं. शेठजींची ती ऑर्डर त्यांनी मला लिहून घ्यायला लावली आणि पाच प्रती पुऱ्या केल्या. साकीनाक्याची दिली. घाटकोपरची पत्रानंतर दिली होती, तीच धरली. बोरीवलीची त्या बाबांच्या नातवाच्या हाती दिली. एक चंद्राबाईची, भिंतीवर, बिनहाराची. ती म्हणते, दोघांनाही सकाळी नमस्कार करते, एकाला लागेल.

पाचवी प्रत माझ्या खणात आहे. यंदा दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांनी सांगितलं तेव्हा दुकानातल्या गमतीजमतीच लिहायच्या ठरवल्या होत्या, पण लिहायला बसले की हेच समोर येतं. तेव्हा वाचणाऱ्यांना सांगून ठेवते. तिसरा मनुष्य उंच, मिशा, खांद्यावर पंचा, डावा हात पाठीमागे. पाचवा बुटका, उघडं डोकं, हातात गवंड्याचा ओळंबा, दोरी बोटाला गुंडाळलेली. पण फोटोसाठी हातात कोणाचंही हत्यार देतात, त्यावरून मी ठरवत नाही. दोघांपैकी एक कोकणातला गवंडी, चंद्राबाईचा बाप. दुसरा कोण ते कळलेलं नाही. घरातलं कोणी त्या दवाखान्याच्या बांधकामावर होतं असं कोणाच्या कानावर असेल तर दुकानात यावं. सकाळी उघडतं, मी काउंटरवरच असते. प्रत पाकिटात घालून ठेवली आहे. पाकिटावर नाव घालायचं राहिलं आहे.